वाचकांचे प्रश्न : चिखलात रुतलेले पोकलेन

प्रश्न : आमच्या गावच्या (मोहोळ तालुका) पाझर तलावातील गाळ काढण्याचे काम गेल्या उन्हाळ्यात चालू होते. गाळ वरून पूर्ण वाळला होता, त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि गाळ नेणारे ट्रॅक्टर कडेने रोज ये-जा करत होते. तरीही वीस टनी पोकलेन मध्यभागी गेले आणि एका अंगाने खाली बसू लागले. ऑपरेटरने बराच वेळ पुढे-मागे करून पाहिले, तर चाकांच्या जागी असलेल्या दोन्ही चेन दिसेनाशा झाल्या. दुसरे पोकलेन आणून वायर रोपने ओढले तेव्हा रोप तुटला. दोन दिवसांनी यंत्र निघाले, पण ते नेमके कशामुळे निघाले हे आजही आम्हाला सांगता येत नाही. योग्य पद्धत कोणती?

उत्तर : आपल्या पत्रातील 'बराच वेळ पुढे-मागे करून पाहिले' हे शब्द मी पुन्हा वाचले, कारण माझ्या मते यंत्र खरे रुतले ते त्याच वेळात. आधी ते फक्त कलले होते.

वीस टनी पोकलेनची चेनपट्टी सहाशे मिलिमीटर रुंद असेल, तर सपाट जमिनीवर त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो पडतो, म्हणजे एका पायावर उभ्या असलेल्या माणसाच्या दाबाहून तो फार वेगळा नसतो. मात्र हा आकडा यंत्र स्वस्थ उभे असतानाचा आहे. बूम (यंत्राचा मोठा हात) आडवी फिरवून भरलेली बकेट उचलली की भार एका चेनवर जातो, समोर खोदताना तो पुढच्या टोकावर जातो, आणि त्या ठिकाणी दाब सरासरीच्या कितीतरी पट होतो. सोलापूरच्या काळ्या मातीत पाणी धरून फुगणारी चिकणमाती भरपूर असते आणि तलावाच्या तळाशी बसतो तो तिचाच सर्वांत बारीक भाग. अशा गाळाला उन्हात वरून पापडी धरते, पण हात-दोन हात खाली तो लोण्यासारखाच राहतो. भेगा पाहून ही पापडी किती जाड आहे हे कळत नाही, ते पहार रोवून पाहावे लागते. पहार एका माणसाच्या जोराने सहज आत जात असेल, तर तेथे पोकलेन नेऊ नये. कडेने ट्रॅक्टर फिरले एवढ्यावरून मध्यभागाबद्दल काहीच ठरत नाही, कारण तलावाच्या मध्यभागी गाळ जाडही असतो आणि ओलही जास्त असते.

यंत्र कलू लागताच चेन थांबवावी. चेन जागच्या जागी फिरली की तिच्या पट्ट्या खालचा चिखल उपसून मागे फेकतात आणि यंत्र स्वतःसाठीच खड्डा खणते. एकदा मधला सांगाडा चिखलावर टेकला, म्हणजे आपल्या ऑपरेटरांच्या भाषेत यंत्राचे 'पोट टेकले', की चेन कितीही फिरली तरी भार तिच्यावर नसल्यामुळे तिला पकड मिळत नाही.

फक्त एक चेन रुतली असेल, तर बाहेरच्या मदतीची गरज सहसा पडत नाही. वरचा भाग रुतलेल्या चेनच्या बाजूला आडवा फिरवावा, बूम आणि आर्म (बूमच्या पुढचा, बकेट धरणारा हात) यांमधील कोन काटकोन किंवा त्याहून थोडा जास्त, म्हणजे 90 ते 110 अंश ठेवावा, बकेटची गोल पाठ जमिनीला लावून ती हळूहळू खाली दाबावी. बकेटचे दात रोवून यंत्र उचलू नये, त्यामुळे बकेटवर नको तो ताण येतो. जमीन मऊ असल्याने बकेटही आत जाईल, म्हणून तिच्याखाली आधी जाड फळ्या किंवा लोखंडी प्लेट टाकावी. चेन उचलली गेली की तिच्याखाली बाभळीचे ओंडके आडवे सरकवावेत. हे काम बांबूने ढकलून करावे. उचललेल्या चेनखाली हात किंवा पाय घालणारा हेल्पर कितीही अनुभवी असला तरी त्याला तेथून हाकलून काढावे, कारण ओल्या गाळात बकेट कधी घसरेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. मग सावकाश, वळण न घेता, यंत्र बाहेर न्यावे.

दोन्ही चेन रुतल्या असतील, तर आर्म पुढे पूर्ण लांबवून बकेट घट्ट जमिनीत रोवावी आणि खोदताना ओढतो तसा आर्म आत ओढत असतानाच चेनही त्याच दिशेने सावकाश चालवावी. यंत्र हातभर सरकले की ओंडके टाकावेत आणि पुन्हा हेच करावे. काही जण ओंडका दोन्ही चेनना पुढून आडवा बांधतात, म्हणजे चेन फिरताना तो यंत्राखाली ओढला जातो. युक्ती चांगली आहे, पण ओंडका मागच्या टोकाला वर चढण्यापूर्वी यंत्र थांबवून सोडवावा लागतो, नाहीतर तो सांगाड्यात अडकतो.

आता आपल्या तुटलेल्या रोपाबद्दल. रुतलेल्या यंत्राला ओढताना केवळ त्याचे वजन ओढावे लागते, असा समज आहे. अमेरिकी लष्कराच्या वाहने बाहेर काढण्याच्या ठोकताळ्यानुसार वाहन चाकाच्या उंचीइतके रुतले तर त्याच्या वजनाएवढा, त्याहून वर मडगार्डपर्यंत रुतले तर दुप्पट आणि अगदी वरपर्यंत गेले तर तिप्पट जोर लागतो. म्हणजे आपले वीस टनी यंत्र पोट टेकून बसले असेल, तर चाळीस टनांची गोष्ट आहे आणि दुसऱ्या वीस टनी पोकलेनमध्ये एवढा जोर नसतो. त्याच ठोकताळ्यात दोन सवलती आहेत. यंत्र ज्या वाटेने आत आले त्याच वाटेने मागे ओढले तर सुमारे दहा टक्के जोर कमी लागतो, आणि ओढताना रुतलेल्या यंत्राची चेनही फिरत असेल तर सुमारे चाळीस टक्के. म्हणून ऑपरेटरने केबिनमध्ये बसून साथ देणे महत्त्वाचे आहे.

वजनाहून जास्तीचा हा जोर चिखलाच्या चोषणामुळे लागतो. ओला गाळ यंत्राच्या पोटाला इतका चिकटून बसतो की मधे हवा जाऊ शकत नाही, आणि यंत्र उचलू पाहिले की खाली पोकळी तयार होऊन ते परत खेचले जाते. चेनच्या दोन्ही बाजूंनी आणि पोटाखाली शक्य तितका चर खणावा, पंप लावून साचलेले पाणी उपसावे आणि हवा आत जाऊ द्यावी. आपले यंत्र दोन दिवसांनी निघाले, त्यामागेही बहुधा रोपापेक्षा तोपर्यंत बाजूने खणलेला गाळ जास्त कारणीभूत असावा.

रोप नेहमी खालच्या चेन-सांगाड्याला गुंडाळावा. पुढचा छोटा हूक हलक्या ओझ्यासाठी असतो, त्याला लावू नये. धारदार कडांवर पोते किंवा लाकूड घालावे, झटका न देता ताण वाढवावा आणि रोपाच्या लांबीएवढ्या अंतरात कोणालाही उभे राहू देऊ नये. तुटलेला रोप माणसाला चिरू शकतो.

प्रश्न : 2025 च्या सप्टेंबरात सीनेला आलेल्या पुरानंतर आमच्या माढा तालुक्यातील शेतात गाळ बसला. रुंद पट्ट्यांची चेन लावलेले यंत्र मागवावे का?

उत्तर : होय, उपयोग होतो. सहाशेऐवजी आठशे मिलिमीटरची पट्टी असेल, तर दाब साधारण चौथ्या हिश्शाने कमी होतो. मात्र दगडी जमिनीवर किंवा वारंवार वळताना रुंद पट्ट्या लवकर वाकतात. गाळाचे काम संपले की तेच यंत्र मुरमाच्या खाणीत लावायचा विचार असेल, तर मालकाशी आधी बोलून घ्यावे.

प्रश्न : रुतलेले यंत्र बाहेर निघाले की लगेच कामाला लावावे का? (बार्शी)

उत्तर : लावू नये. चेनच्या सांगाड्यातील गाळ ओला असतानाच पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुवावा. वाळल्यावर तो रोलर, म्हणजे चेनच्या आतली छोटी चाके, धरून ठेवतो. चेनचा ताण तपासावा, कारण स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) भरलेला चिखल चेन ताणतो. पाणी वरच्या भागाच्या फिरत्या चक्रापर्यंत चढले असेल, तर तेथील जुने ग्रीस काढून नवे भरावे. दोन्ही बाजूंच्या फायनल ड्राइव्हचा (चेन फिरवणाऱ्या गिअरपेटीचा) खालचा प्लग किंचित सैल करून तेल पाहावे. दुधाळ तेल आले तर सील फुटून पाणी आत शिरले आहे असे समजून यंत्र तेथेच उभे करावे. तेल स्वच्छ दिसले तरी आठ-दहा तास काम झाल्यावर ते पुन्हा एकदा पाहावे.