आरोही नाव ठेवू की बदलू?

प्रश्न : मुलगी दोन महिन्यांची आहे. पोटात होती तेव्हापासून आरोही हेच नाव मनात धरलंय. आता गल्लीत एक आणि अंगणवाडीत दोन आरोही निघाल्या. सासूबाई म्हणतात, दुसरं बघ. बारसं रविवारी आहे. काय करू?
— एक आई, खानापूर

उत्तर : अगं, ठेव तेच नाव. सौंदत्तीची यल्लमा म्हणजे रेणुका, त्यामुळे निपाणीला आमच्या वर्गात तीन रेणुका होत्या. बाई हजेरीला आडनाव घ्यायच्या, मैत्रिणींसाठी मी 'विहिरीजवळची रेणू'. संध्याकाळी आईनं दारातून 'रेणूऽऽ' अशी हाक मारली की बाकीच्या दोघी मानही वर करायच्या नाहीत. आपापल्या आईचा आवाज त्यांना ठाऊक होता.

भावकीत त्याच आडनावाची, वडिलांचंही तेच नाव असलेली आरोही असेल, तरच बदल. मग कागदपत्रांत खरोखर घोळ होतो.

मला काळजी वेगळीच वाटते. आपल्याकडे कर्नाटकात जन्मदाखला कन्नड आणि इंग्रजीत येतो. कन्नड वाचता येणाऱ्या कुणाला तरी सोबत ने आणि 'ही' दीर्घच पडलाय ना, इंग्रजी स्पेलिंग तुम्ही ठरवलंय तेच आहे ना, हे खिडकीशीच तपासून घे. माझ्या नातवाच्या नावात एक अक्षर चुकलं, तर शाळेच्या वेळी सुनेला तीन हेलपाटे पडले. नोंदणीत नाव अजून घातलं नसेल, तर जन्मनोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं.

आणि पाळण्यात घालताना बाळाच्या कानात ते नाव आत्याला मोठ्यानं सांगायला लाव.