कुत्र्याला पहिल्यांदाच बाहेर ठेवताना

दिवाळीत आपण चार दिवस परगावी जाणार आहात आणि कुत्र्याला पैसे घेऊन सांभाळणाऱ्यांकडे ठेवणार आहात, म्हणून सांगतो. पैसे भरण्यापूर्वी ती जागा न कळवता जाऊन पाहावी; रेबीज आणि डिस्टेंपर-पार्व्हो (कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार) यांच्या लसींचे कार्ड जो मागत नाही, तो इतरांकडेही मागत नसणार, हे ओळखावे. लस राहिली असल्यास किमान दोन आठवडे आधी टोचून घ्यावी, कारण प्रतिकारशक्ती तयार होण्यास तेवढा वेळ लागतो. खाणे घरचेच मोजून द्यावे, नाहीतर जुलाब होऊ शकतात.

आमच्या लॅब्रॅडॉरला शहराबाहेरच्या एका ठिकाणी ऐन पावसाळ्यात आठवडाभर ठेवले होते. परत आणल्यावर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड सापडले, आणि पंधरवड्याने ताप येऊन त्याच्या प्लेटलेट्स घटल्या. तेव्हापासून मी त्यांच्या दारातच सगळ्या अंगावरून बोटे फिरवतो आणि मगच त्याला गाडीत घेतो. त्यांना ते आवडत नाही, न आवडो.

‘पंधरा दिवस सोडा, शिकवून देतो’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकाकडे मात्र मी पाठवणार नाही. कुत्रा त्याचे ऐकू लागतो, आपले नाही. शिकवणी आपल्यासमोर, आपल्याच हातात पट्टा देऊन, आधी घरात आणि मग कोल्हापूरच्या रंकाळा तलावाकाठच्या संध्याकाळच्या गर्दीत व्हावी.