वाचकांचे प्रश्न : छोट्या नावेवर चार्टप्लॉटर कुठे बसवायचा?

नर्मदा, तापी आणि उकाईच्या फुगवट्यावरून आलेली यावेळची बरीच पत्रं एकाच वस्तूबद्दल आहेत : जीपीएस चार्टप्लॉटर, म्हणजे आपली जागा आणि खालच्या पाण्याची खोली एकाच पडद्यावर दाखवणारं यंत्र. म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : सरदार सरोवराच्या फुगवट्यात आमची २२ फुटी फायबरची बोट चालते. माणसंही नेतो, सामानही. चालकाच्या डोक्यावर पत्र्याचं छप्पर आहे. सात इंची चार्टप्लॉटर घेतला. मिस्त्री म्हणतो, स्टिअरिंगसमोरच्या प्लायच्या फळीत चौकोन कापून आतच बसवू, गाडीसारखा दिसेल. बसवावा का? (धडगाव)

उत्तर : दिसेल छान, पण करवत लावण्याआधी डोक्यावरच्या छपराकडे बघा. सात इंची यंत्राचा अँटेना बहुधा त्याच्याच खोक्यात, वरच्या कडेखाली असतो आणि त्याला आकाश मोकळं लागतं. फायबर, प्लायवूड, ताडपत्री यांतून उपग्रहाचा सिग्नल येतो. पत्रा तो अडवतो. त्यात तुमच्याकडे एका अंगाला सातपुडा, दुसऱ्या अंगाला विंध्य. क्षितिजाजवळचे उपग्रह डोंगर झाकतो आणि डोक्यावरचे पत्रा झाकतो, मग उरलं काय?

तपासणी सोपी आहे. यंत्र सुरू करून जिथे बसवायचं तिथेच हातात धरा, उपग्रहांचं पान उघडा आणि दहा मिनिटं अचूकतेचा आकडा बघा. मग छपराबाहेर येऊन पुन्हा दहा मिनिटं. उघड्यावर तीन ते पाच मीटर आणि पत्र्याखाली दहाच्या वर, किंवा जागा मधूनच हरवते, असं झालं तर दोन उपाय आहेत. एक, बाहेरचा अँटेना छपरावर. त्यासाठी उंच काठी उभारू नका. काठी जितकी उंच तितका अँटेना हेलकाव्यासोबत झुलतो आणि उभ्या बोटीलाही यंत्र चालती समजतं. दुसरा उपाय आम्हाला जास्त पटतो : छपराचा पुढचा दोन-तीन फुटांचा पत्रा काढून तिथे फायबरची शीट टाका. खर्च बहुधा कमी आणि एक केबल वाचते. मेनूत ‘वास/एग्नोस’ (जीपीएसच्या जागेतली चूक उपग्रहावरून दुरुस्त करणाऱ्या परदेशी यंत्रणा) असा पर्याय असेल तर तो चालू ठेवा. आपल्याकडे त्याच पद्धतीचे दुरुस्तीचे संकेत ‘गगन’ देतं. ही यंत्रणा इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभी केली आहे.

आता डोळा आणि हात. यंत्राच्या मापाचा पुठ्ठा कापा, चिकटपट्टीने ठरवलेल्या जागी लावा आणि एक पूर्ण फेरी मारून या. डोळ्यापासून पडदा ६० ते ७५ सेंटीमीटरवर असावा. पाठ न उचलता हात बटणापर्यंत पोचला पाहिजे, आणि समोरच्या पाण्यावरून नजर जराशी खाली आली की पडदा दिसला पाहिजे. तुमचा चालक मधल्या पाण्यात बसून चालवतो आणि काठाजवळ खडक, खुंट बघायला उभा राहतो. फळीत बसवलेल्या पडद्याचा कोन कायमचा ठरतो; बसून नीट दिसणारा पडदा उभं राहिल्यावर नुसता आरसा होतो. म्हणून तुमच्यासाठी यू आकाराचा ब्रॅकेट बरा. पडदा हवा तसा वाकवता येतो आणि रात्री दोन नॉब सैल करून यंत्र घरी नेता येतं. नेताना मागच्या प्लगांना रबरी टोपणं लावायला विसरू नका. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग, हे खरं. पण उघड्या पिना त्याआधीच हिरव्या पडतात.

तरीही फळीतच बसवायचं असेल तर मागे जागा मोजा : यंत्राची जाडी, प्लग आणि केबलचं वळण मिळून किमान १० सेंटीमीटर. खोक्यात आलेल्या कागदी साच्याची मापं पट्टीने ताडून घ्या. झेरॉक्स काढला असेल तर हमखास फरक पडलेला असतो. चार कोपऱ्यांत १० मिलीमीटरची छिद्रं, रेघेवर मास्किंग टेप, बारीक दातांचं जिगसॉ पातं; रेघेच्या आतून कापा आणि उरलेलं कानशीने घासा. कापलेल्या कडेला इपॉक्सीचे दोन हात द्या. कोरडी कड पाणी पिते, प्लाय फुगतो आणि एक-दोन पावसाळ्यांत स्क्रू फिरायला लागतात. गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी पट्टी) आहे तिथे सिलिकॉन भरू नका. पुढे यंत्र काढताना पडद्याची चौकट तुटते ती त्यामुळेच.

प्रश्न : हतनूरच्या पाण्यात मासेमारी करतो. १४ फुटी ॲल्युमिनियमची नाव, दोरी ओढून सुरू होणारी ९.९ हॉर्सपॉवरची मोटार. डॅशबोर्ड नाही, बॅटरी नाही. यंत्र मागे मोटारीजवळ लावावं म्हणतो, केबल कमी लागेल. (भुसावळ तालुका)

उत्तर : केबलसाठी जागा निवडू नका. मागे लावलं की दर वेळी मान वळवून बघावं लागतं, आणि तेवढ्या वेळात पुढचा गाळाचा उंचवटा निघून गेलेला असतो. किंवा निघून गेलेला नसतो, हे जास्त वाईट. पाण्यात राहून खोली मोजणाऱ्या सेन्सरची केबल बहुतेक सहा मीटरची येते, तुमच्या नावेत ती पुढच्या बाकापर्यंतही पुरते. तुम्ही उजव्या अंगाला बसून डाव्या हाताने मोटार धरत असाल तर उजवा हात मोकळा राहतो. यंत्र समोरच्या बाकावर, त्या हाताच्या टप्प्यात हवं. फक्त एक बघा : जाळं कोणत्या बाजूने ओढता? ओल्या जाळ्याचा फास ब्रॅकेटच्या नॉबमध्ये अडकतो आणि ओढणाऱ्याला ते कळतं तेव्हा यंत्र पाण्यात असतं. जाळ्याच्या बाजूला ते लावूच नका.

बाकाचा पत्रा दोन-तीन मिलीमीटरचा असतो. त्यात नुसता स्क्रू मारला तर मोटारीच्या थरथरीने तो सैल होणारच. १२ मिलीमीटर वॉटरप्रूफ प्लायचा २० बाय २५ सेंटीमीटर तुकडा घ्या, त्यावर ब्रॅकेट बसवा आणि तुकडा बाकाला आरपार बोल्टने आवळा. बोल्ट ३०४ स्टीलचे, खाली रुंद वायसर, शेवटी नायलॉक नट. स्टील जिथे ॲल्युमिनियमला टेकतं तिथे नायलॉनचा वायसर घाला. आधी आठवडाभर तोच तुकडा दोन सी-क्लॅम्पवर चालवून बघा. जागा चुकली तर क्लॅम्प सरकतो, छिद्र सरकत नाही.

बॅटरीचं गणित असं. यंत्र साधारण एक अँपिअर खात असेल (नेमका आकडा पुस्तिकेत बघा), तर यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी साडेतीन तासांपुरती धरा. निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की ती लवकर मरते. १२ अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दहाएक तास देते. फ्यूज पुस्तिकेत लिहिलाय तोच, बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत. तार दीड चौरस मिलीमीटरची, जमल्यास कल्हई केलेल्या तांब्याची. पाच मीटर अंतरावर तिच्यात एका अँपिअरला जेमतेम ०.१२ व्होल्ट जातो. अर्ध्या चौरस मिलीमीटरच्या तारेत तिप्पट जातो, मग बॅटरी जरा उतरली की यंत्र आपोआप बंद. ऋण तार वेगळीच ओढा. मोटारसायकलसारखा नावेचा पत्रा ‘अर्थ’ म्हणून वापरलात तर पत्रा कुरतडला जाईल.

प्रश्न : यंत्रामुळे होकायंत्र बिघडतं का? (सारंगखेडा)

उत्तर : शेजारी लावलं तर काटा सरकतो. ‘कंपास सेफ डिस्टन्स’, म्हणजे होकायंत्रापासून किती लांब ठेवायचं ते, पुस्तिकेत दिलेलं असतं, ते पाळा. नाव काठाला घट्ट बांधा, यंत्र बंद-चालू करा आणि काटा बघा. हलला तर अंतर वाढवा. स्पीकरचं चुंबक यंत्रापेक्षा जास्त त्रास देतं.

प्रश्न : दुपारले पडदा दिखत नही, काय करानं? (शहादा)

उत्तर : आधी गॉगल काढून बघा. पोलराइज्ड काचेतून काही पडदे आडवे किंवा उभे धरल्यावर काळे ठिक्कर दिसतात, यंत्रात दोष नसतो. गॉगल नसतानाही काळवंडत असेल तर ते ऊन आहे. बऱ्याच यंत्रांची मर्यादा ५५ अंशांची असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ गाठतो, तर उन्हातल्या बंद काळ्या फळीमागे किती होत असेल! यंत्र तापलं की आधी उजेड स्वतःहून कमी करतं. मागे तीन-चार सेंटीमीटर हवा खेळू द्या, थांबलात की पांढरं आवरण घाला, पडद्याचं तोंड जरा खाली वळवा. तापलेल्या यंत्रावर गार पाणी मात्र मारू नका : आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते.

प्रश्न : उकाईच्या फुगवट्यात वेग वाढवला की खोलीचा आकडा गायब होतो. शिवाय नकाशात आमचं पाणी नुसतं निळं दिसतं. (नवापूर)

उत्तर : पडदा कुठेही लावा, आकडा जातो तो सेन्सरमुळे. तो पाण्यात आवाज सोडतो आणि तळावरून परत आलेल्या आवाजावरून खोली मोजतो; त्याच्या तोंडावर बुडबुडे आले की आवाज परत येत नाही. मोटार जिला अडकवतात त्या मागच्या फळीवर, मोटारीच्या पंख्यापासून किमान ३८ सेंटीमीटर लांब तो लावा. पंखा मागून बघता उजवीकडे फिरणारा असेल तर उजव्या अंगाला, कारण तिथे पाती खाली जातात आणि पाणी कमी फेसाळतं. पुढे रिबिटांची ओळ किंवा उठावाची पट्टी नको. फायबरच्या तळापेक्षा तीन मिलीमीटर खाली, ॲल्युमिनियमच्या तळापेक्षा दहा. जास्तीची केबल कापू नका, सैल गुंडाळी करून बांधा आणि मोटारीच्या प्लगच्या तारांपासून दूर ठेवा.

निळ्या पाण्याचं म्हणाल तर समुद्राचे मिळतात तसे तपशीलवार नकाशे धरणांचे मिळतीलच असं धरू नका. बऱ्याच यंत्रांत चालता चालता खोलीच्या रेषा स्वतः काढण्याची सोय असते, ती वापरा. बुडालेल्या प्रत्येक खुंटाच्या खुणेपुढे त्या दिवशीची धरणाची पातळीही लिहा. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि किमान पातळी ११०.६४ मीटर, म्हणजे मध्ये २८ मीटरचा फरक. तिथे पातळीविना लिहिलेली खोली पुढच्या उन्हाळ्यात कामाची नसते. उकाईचा आकडा वेगळा असला तरी रीत तीच.