परदेशात नर्सची ड्युटी आपल्यापेक्षा कमी तासांची असते काय?

तास कमी असतात, पण एकेक दिवस लांब असतो. आमची वैनी बेळगावात एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे, तिची मॉर्निंग आठ ते दोन, मग दोन ते आठ, आणि नाईट रात्री आठ ते सकाळी आठ, म्हणजे सलग बारा तास, त्यात हँडओव्हर, म्हणजे पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देणं, लांबलं की खानापूरची बस चुकली म्हणून समजा, डब्यातली चपाती-शेंगाचटणी स्टँडवरच खायची.

इंग्लंडात एनएचएसमध्ये (तिथली सरकारी आरोग्यसेवा) फुल टाईम म्हणजे आठवड्याला 37.5 तास, पण बऱ्याच वॉर्डात साडेबारा तासांची लाँग डे असते आणि ब्रेकचा पगार सहसा नसतो. अमेरिकेत 12 तासांच्या तीन शिफ्ट केल्या की 36 तास, तेवढं बऱ्याच ठिकाणी फुल टाईम धरतात, बाकी चार दिवस मोकळे! जर्मनीत आपल्यासारख्याच तीन शिफ्ट, पण दोन ड्युट्यांच्या मधे साधारण 11 तास विश्रांती द्यायचा नियम आहे.

मला विचाराल तर तासांपेक्षा पेशंट किती ते आधी बघा. कॅलिफोर्नियात आयसीयूत एका नर्सला जास्तीत जास्त दोनच पेशंट, कायदाच आहे तसा. वैनीला हे सांगितलं तर नुसती हसली.