कोड एडिटरमध्ये एकाच वेळी चार-पाच गोष्टी कॉपी करून ठेवता येतात का? आणि ती सवय वाईट आहे का?

येतात. आणि सवय अजिबात वाईट नाही.

तुम्ही व्हीएस कोडचं विचारलंय. त्यात स्वतःची क्लिपबोर्ड हिस्ट्री, म्हणजे आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी, नाही, एक्सटेन्शन टाकावं लागतं. पण विंडोज 10 ला 2018 च्या ऑक्टोबर अपडेटपासून ती सोय आहे; एकदा चालू करून ठेवली, की विंडोज बटण आणि व्ही दाबल्यावर कॉपी केलेल्या शेवटच्या 25 गोष्टी समोर येतात. बहुतेकांचं तेवढ्यात भागतं. जेटब्रेन्सचे एडिटर वापरणाऱ्यांना त्याच कामाला कंट्रोल-शिफ्ट-व्ही आहे, ईमॅक्स एडिटरवाल्यांना किल रिंग आहे, ते सांगायला माझी गरज नाही.

मी लिहायला बसलोय ते तुमच्या शेवटच्या ओळीसाठी: "आमचे सिनियर म्हणतात, अशानं माणूस कॉपी-पेस्ट प्रोग्रामर होतो." असले एक सिनियर आमच्याकडेही होते.

2017 चा जून. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर होतं आणि 1 जुलैला जीएसटी येणार होता. बिलावर कराची एकच ओळ होती, तिथं आता राज्यातल्या गिऱ्हाइकाला सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा), बाहेरच्याला दोन्हींऐवजी एकच आयजीएसटी. शिवाय एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा क्रमांक, टॉवेलचा 6302. हजार रुपयांपर्यंतच्या नगाला तेव्हा 5 टक्के, त्यावर 12. हिशेबाचं फंक्शन एकच होतं, त्याचा त्रास नव्हता. त्रास छापील नमुन्यांचा. प्रत्येक शेठचा नमुना निराळा. एकाला कर उजवीकडं हवा, दुसऱ्याला खाली, तिसऱ्याला सगळ्यात वर तेलुगूत देवाचं नाव आणि मग उरलेल्या जागेत बाकीचं.

मी व्हिम एडिटरमध्ये काम करत होतो. त्यात कॉपी केलेलं ठेवायला अक्षरांच्या नावाचे कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. सीजीएसटीचा तुकडा सी रजिस्टरमध्ये, एसजीएसटीचा एसमध्ये, आयजीएसटीचा आयमध्ये. नमुना उघडायचा, जागेवर जायचं, डबल कोट, सी, पी दाबायचं, की सी मधला तुकडा पेस्ट. पुढची जागा, डबल कोट, एस, पी. फाईल बदलली तरी तुकडे हाताशीच. हात बसल्यावर मजा येत होती, खोटं का सांगू.

तर ते सिनियर मागं येऊन उभे. "काय बे, नुसता चिकटवत बसलायस? हातानं टाईप कर, डोक्यात बसतंय." सगळ्या ऑफिससमोर.

त्यांच्या वाट्याचे नमुने त्यांनी हातानं टाईप केले. एका नमुन्यात दोन्ही ठिकाणी एसजीएसटी पडलं. आता गंमत बघा, 5 टक्क्यांचे दोन भाग अडीच-अडीच, म्हणजे दोन्ही रकमा सारख्याच. बेरीज पैशापर्यंत बरोबर. तपासणीत कुणाला कळणार? महिनाअखेरीस कारखान्याच्या दिवाणजींनी बिलांचा गठ्ठा काढून एकेक ओळ बोटानं वाचली, तेव्हा सापडलं. एसजीएसटी दोनदा, सीजीएसटी कुठंच नाही. सगळी बिलं पुन्हा छापून गिऱ्हाइकांना पाठवावी लागली.

त्यावर साहेब काय म्हणाले? "टायपो आहे, कुणाकडूनही होतो." हीच चूक माझ्या पेस्टनं झाली असती तर ती टायपो नसती, माझी लायकी असती!

नेटवरून न समजता उचललेला कोड वेगळा आणि आपणच लिहिलेली ओळ इकडून तिकडं नेणं वेगळं. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 1970 च्या दशकात झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात जिप्सी एडिटरला कट-कॉपी-पेस्ट दिलं, ते मजकूर हलवायला, चोऱ्या करायला नाही. सोलापुरात राहून हे सांगावं लागतंय याचं जास्त वाईट वाटतं. चार रंगांची चादर एकाच धोट्यावर (आडवा धागा नेतो तो) विण, दर रंगाला आतली सुताची कांडी बदल, असं म्हटलं तर कुठला विणकर ऐकून घेईल? तुमच्या सिनियरना हे जरूर विचारा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

व्हिम वापरणार असाल तर एक गोष्ट आधी शिका. एक ओळ यँक (म्हणजे कॉपी) केली, मग दुसरी डीडी दाबून उडवली, आणि पी दाबलं की उडवलेलीच ओळ येते. नवी पोरं इथंच वैतागून व्हिम सोडतात. तुमची यँक केलेली ओळ शून्य रजिस्टरमध्ये शाबूत असते: डबल कोट, शून्य, पी. कुठं काय ठेवलंय विसरलात तर कोलन लावून रेग टाईप करा, सगळी यादी दिसते.

हां, पण हिशेबाचं लॉजिकच दहा ठिकाणी चिकटवत असाल तर फंक्शन करा, तिथं मी तुमच्या बाजूनं नाही. आमच्या साहेबांनी हे म्हटलं असतं तर निमूट ऐकलं असतं.

शिवाय विंडोजच्या त्या यादीत तुम्ही कॉपी केलेला डेटाबेसचा पासवर्डही जाऊन बसू शकतो. स्क्रीन शेअर करताना ती उघडली की सगळ्यांना दर्शन. क्लायंटच्या मशीनवर हिस्ट्री बंदच ठेवा. व्हीएस कोडचं नेमकं कुठलं एक्सटेन्शन चांगलं ते दुसरं कुणीतरी सांगेल, मी अजून व्हिमवरच आहे.