नवीन लेक्चरर झालायस ना, मग पीपीटी वाचायचं सोड पहिलं
सर्किटचा तास असला की एकच प्रश्न टाक, आयडियल बॅटरीवर (म्हणजे जिचं व्होल्टेज कधी घसरत नाही) एक बल्ब चालू आहे, त्याला पॅरललमध्ये दुसरा जोडला तर पहिल्याचा उजेड कमी होतो काय? हात वर करायला लाव, उत्तर सांगू नको, शेजाऱ्याशी दोन मिनिटं भांडू दे की, खानापूरचं पोरगं मराठीत बोलेल, बैलहोंगलचं कन्नडमध्ये, बोलू दे (पेपर इंग्लिशमध्ये आहे ते आहेच). मग परत हात मोज. हार्वर्डला एरिक माझूरनं फिजिक्स असंच शिकवलं, १९९१ पासून. सिलॅबस राहतोय म्हणून सीनियर कुरकुरतीलच, त्यांना २०१४ चा २२५ अभ्यासांचा आढावा दाखव, नुसत्या लेक्चरला सुमारे ३४ टक्के नापास, पोरांना कामाला लावलं तिथं २२. व्हीटीयूचे (आपल्या युनिव्हर्सिटीचे) जुने पेपर सोडवून घ्यायचेच, पण ते नंतर.