बाळानं औषध थुंकलं तर पुन्हा द्यायचं का?

एचआयव्हीसह जगणाऱ्या आईचं बाळ जन्मलं की त्याला विषाणूची लागण होऊ नये म्हणून नेव्हिरापिन या औषधाचं सिरप सुरू होतं. पहिला आठवडा संपायच्या आतच बहुतेक आया एकच काळजी घेऊन येतात: बाळ अर्धं औषध बाहेर काढतं, पुन्हा देऊ का? नाशिकच्या एचआयव्ही उपचार केंद्रात दिंडोरीकडची एक ताई हाच प्रश्न घेऊन आली होती. तिची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

ताईचं पहिलंच बाळंतपण होतं. गरोदरपणात गोळ्या वेळेवर घेतल्यामुळे तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला होता. बाळाचं जन्मवजन २.७ किलो. अशा बाळाला दिवसातून एकदा १५ मिलिग्रॅम नेव्हिरापिन, सहा आठवडे. एक मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणून मात्रा दीड मिली. (वजन २ ते २.५ किलो असेल तर एक मिली. त्याहून लहान बाळाची मात्रा डॉक्टर किलोमागे २ मिलिग्रॅमच्या हिशेबानं काढतात. आईचे उपचार उशिरा सुरू झाले असतील किंवा व्हायरल लोड जास्त असेल, तर झिडोव्ह्यूडिन हे दुसरं औषधही सोबत देतात आणि मुदत वाढू शकते.)

"मॅडम, रोज थुंकतंय पोरगं. मग मी परत पाजते. पोटात गेलंच नाही तर?"

अशा वेळी तोंडी उत्तर देऊन भागत नाही. "ताई, घरी कसं देता ते करून दाखवा," असं म्हटलं की खरा घोळ समोर येतो. तिनं पिशवीतून ग्राइप वॉटरची जुनी बाटली काढली. सासूच्या नजरेला पडू नये म्हणून औषध तिच्यात ओतून घेतलं होतं आणि मूळ बाटली फेकून दिली होती. मोजायला त्याच बाटलीचं टोपण. त्यावर खुणा दोनच, अडीच आणि पाच. दीडची खूण नाही, म्हणून ती अडीचपर्यंत भरायची. बाळानं थुंकलं की तेवढंच पुन्हा. म्हणजे दीड मिलीच्या जागी काही दिवस पाच मिलीपर्यंत औषध समोर गेलं असणार, आणि त्यातलं पोटात किती उतरलं ते कुणालाच सांगता येईना.

डॉक्टरांनी त्याच दिवशी बाळाला तपासलं. अंगावर पुरळ, डोळ्यांत पिवळेपणा, सुस्ती, दूध न ओढणं यांपैकी काही नव्हतं. रक्ताचा अहवालही ठीक आला. नव्या बाटलीतून बरोबर मात्रा सुरू झाली.

बाटली लपवावीशी वाटण्यात तिची चूक नाही. घरात आजार कळला तर काय होईल याची भीती खरी असते, आणि २०१७च्या एचआयव्ही कायद्यानं तिच्या संमतीशिवाय ही माहिती कुणी उघड करू शकत नाही. पण औषध लपवायचं तर मूळ बाटलीसकटच लपवायचं. औषधाचं नाव, एका मिलीत किती मिलिग्रॅम, मुदत कधी संपते, हे सगळं लेबलवर असतं. दुसऱ्या बाटलीत आधीच्या औषधाचा अंश राहतो, आणि घरातलं कुणी ग्राइप वॉटर समजून बाळाला पाजलं तर आणखी वाईट. ताईनं मूळ बाटली कापडी बटव्यात घालून लसीकरण कार्डाबरोबर स्वतःच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली. कुणी विचारलंच, तर "दवाखान्यातून दिलंय, सहा आठवडे रोज पाजायचंय," एवढं उत्तर पुरतं, आणि ते खरंही आहे.

आता मोजण्याचं. चमचा नको, टोपण नको. घरातल्या दोन चमच्यांतही सारखं मावत नाही. सुई काढून टाकलेली दोन मिलीची सिरिंज सर्वांत सोयीची, कारण तिच्यावरची प्रत्येक बारीक रेघ ०.१ मिलीची असते आणि दीडची रेघ नेमकी सापडते. पाच मिलीच्या सिरिंजवर रेघा ०.२ मिलीच्या असतात, तिथे दीड हा १.४ आणि १.६ च्या मधे पडतो आणि अंदाज करावा लागतो. इन्सुलिनची सिरिंज तर अजिबात वापरू नये, तिच्यावरचे आकडे युनिटचे असतात, मिलीचे नाहीत. सिरिंजच्या टोकाला झाकण असेल तर तेही आधीच फेकून द्यावं, बाळाच्या घशात अडकू शकतं.

नेव्हिरापिनचं हे औषध ठेवलं की खाली बसतं. न हलवता घेतलं तर सुरुवातीच्या मात्रा पातळ आणि बाटलीच्या शेवटच्या मात्रा जड. म्हणून दर वेळी बाटली हलवायची, पण हळू, वरखाली कलती करत. जोरात घुसळलं तर फेस होतो आणि सिरिंजमध्ये औषधाऐवजी हवा भरते. सिरिंज उभी धरून, बोटानं टिचकी मारून बुडबुडा वर आणायचा, बाहेर ढकलायचा, मग पुन्हा दीडपर्यंत ओढायचं. औषधाला टेकलेली दट्ट्याची काळी कड ज्या रेघेवर, तोच आकडा.

बाळ थुंकतं त्याचं कारण बहुतेक वेळा पाजण्याच्या पद्धतीत असतं. ताई बाळाला आडवं झोपवून सगळं औषध जिभेवर एकदम सोडायची. लहान बाळ जिभेवर आलेली नवी चव जिभेनंच बाहेर लोटतं. मांडीवर डोकं थोडं उंच धरायचं, सिरिंजचं टोक गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायचं, अर्धा मिलीहून कमी सोडायचं, गिळलेलं दिसलं की पुढचं. नाक दाबायचं नाही, घशात थेट पिचकारी मारायची नाही, ठसका लागतो. अंगावर पाजण्याआधी, बाळ भुकेलं असताना दिलं तर ते पटकन गिळतं आणि वर लगेच दूध मिळतं.

आता तिच्या मूळ प्रश्नाकडे. ओठांच्या कडेनं लाळेबरोबर थोडं ओघळलं तर काही करायचं नाही. अर्धा तास व्हायच्या आत उलटी झाली, किंवा दिल्याबरोबर जवळजवळ सगळं बाहेर आलं, तर पूर्ण मात्रा एकदाच पुन्हा. त्यानंतरच्या उलटीला नाही. "थोडं गेलं असेल, थोडं भरून काढू" असा हिशेब कधीच करायचा नाही. दुसऱ्यांदाही उलटी झाली तर केंद्रावर फोन. द्यायला विसरलं तर आठवल्याबरोबर द्यायचं. पुढची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली मात्रा सोडून द्यायची, दोन एकदम नाही. ताई स्वतःची गोळी रात्री नऊला घेते, बाळाचं औषधही त्याच वेळेला जोडलं. मालिश-अंघोळीची वेळ आम्ही मुद्दाम टाळली, कारण तेव्हा बाळ दमून थेट झोपी जातं.

गुटीचा विषयही तिथेच निघाला. सासूबाई सहाणेवर उगाळून देत होत्या. अंगावर पाजायचं ठरवलं असेल तर पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध. गुटी, मध, पाणी, वरचं दूध यांची सरमिसळ बाळाच्या नाजूक आतड्याला त्रास देते आणि विषाणू शिरायची शक्यता वाढवते. हे सासूबाईंना डॉक्टरांकडूनच सांगवलं, सुनेवर भार टाकला नाही.

घरी फ्रिज नाही ही तिची आणखी एक काळजी. नेव्हिरापिनला फ्रिज लागत नाही. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या घरात चूल, खिडकी आणि फळी टाळून माठाजवळच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवलं की झालं. फ्रिजचा नियम लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर या एचआयव्हीच्याच दुसऱ्या औषधाच्या सिरपचा आहे. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं, आणि २५ अंशांखाली बाहेर ठेवलं तर दोन महिन्यांत संपवायचं. त्यात सुमारे ४२ टक्के अल्कोहोल असतं, म्हणून ते चौदा दिवसांच्या आतल्या बाळाला देत नाहीत. शेजारणीच्या मोठ्या मुलाचा नियम आपल्या तान्ह्याला लावू नये तो यासाठी. मोठ्या मुलांना आता बहुधा डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधाची पाण्यात विरघळणारी गोळी मिळते. ती थोड्या स्वच्छ पाण्यात विरघळवून अर्ध्या तासात पाजायची, मग वाटी पाण्यानं विसळून तेही पाजायचं.

अंगावर लाल चट्टे, ताप, तोंडात फोड किंवा डोळे पिवळे दिसले तर आपल्या मनानं औषध बंद न करता त्याच दिवशी बाळाला घेऊन यायचं. रात्री काही विचारायचं असेल तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे.

सव्वा महिना झाला की माहेराहून सासरी जायची घाई असते, आणि तिथे औषध थांबतं. सव्वा महिना म्हणजे ४० दिवस, औषधाचे ४२. दीड मिलीप्रमाणे एकूण ६३ मिली लागतं, तेवढं हातात आहे ना ते निघण्याआधी बघायचं. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्त घेऊन बाळाची पहिली तपासणी होते आणि इतर संसर्ग टाळणारं कोट्रायमोक्साझोलचं सिरप सुरू होतं. पाच किलोच्या आतल्या बाळाला ते रोज अडीच मिली. इथे दोन औषधांच्या मात्रांची पुन्हा गफलत होते, म्हणून ताईला उरलेली नेव्हिरापिनची बाटली त्या दिवशी सोबत आणायला सांगितली. जुनी बाटली केंद्रावर जमा झाली आणि नव्या औषधासाठी वेगळी, पाच मिलीची सिरिंज दिली, तिच्यावर अडीचच्या जागी मार्करनं रेघ ओढून.